मुखातील उष्टे ताट



जेवण झाले की ताटात थोडे पाणी घालावे, बोटांनी ते सर्वत्र फिरवावे आणि ते पाणी पिऊन टाकावे, ही आपल्या अनेक घरांतील रीत परक्या माणसाला विलक्षण वाटते. एकासना किंवा आयंबिल करणारे तपस्वी ती कटाक्षाने पाळतात. पण कित्येक घरांत लहान मुलेही सहजपणे थाळी धुऊन पितात. यामागची दृष्टी आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. उष्ट्या अन्नाला लाळेचा स्पर्श झालेला असतो. ते तसेच पडून राहिले तर दोन घटकांत, म्हणजे एका सामायिकाइतक्या 48 मिनिटांत, त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते आणि त्यांच्या विराधनेचा दोष आपल्याला लागतो. म्हणून जीव उपजण्यापूर्वीच ताट स्वच्छ करावयाचे.

दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना माझ्या मनात पुष्कळदा एक प्रश्न येतो. हातातील ताट इतक्या निगुतीने धुणारी आपली ज्येष्ठ मंडळी मुखातील ताट केव्हा धुतात? मुखातील ताट म्हणजे दातांची कवळी. तिच्यावर अन्न पडते, तिला लाळ लागते, ती घास चावते. आणि जेवण झाल्यावर पुष्कळ मुखांत ती तशीच, उष्टी, दिवसभर आणि रात्रभर राहते.

काही वर्षांपूर्वी एका घरातील सूनबाई आपल्या सासूबाईंना माझ्याकडे घेऊन आल्या. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. सामायिक, प्रतिक्रमण नित्याचे, चौविहार चाळीस वर्षांचा. तक्रार मात्र आजींची नव्हतीच. ती सूनबाईंची होती. त्या वर्षात आजींना तीनदा खोकला आणि ताप येऊन गेला होता, एकदा रुग्णालयात ठेवावे लागले होते आणि ‘तोंडाला वास येतो, दातांच्या डॉक्टरांना दाखवा’ असे तेथील डॉक्टरांनी सुचवले होते. मी आजींना वरची कवळी काढावयास सांगितली. त्यांनी आधी सुनेकडे पाहिले. मग त्या हळूच म्हणाल्या, “हिला जरा बाहेर बसू द्या, डॉक्टर. घरात कुणीही मला अशी पाहिलेली नाही.” कवळी केली त्या दिवसापासून त्यांनी ती रात्री कधीच काढली नव्हती. नातवंडांनी बोळके तोंड पाहू नये, एवढेच कारण. कवळी निघाली तेव्हा तिच्या आकाराची एक लालभडक छाप टाळूवर उमटलेली दिसली. आणि विचारले तर आजी म्हणाल्या, “दुखत तर काहीच नाही.”

दुखत नाही, हेच या विकाराचे मर्म आहे. त्या लालीमागे जे असते, त्याला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. मराठीत त्याला जैवपटल म्हणता येईल. शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. पाण्याचा माठ चार दिवस घासला नाही तर आतून हाताला बुळबुळीत लागतो. विहिरीच्या शेवटच्या पायरीवरून पाय निसटतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंची वस्तीच असते. जिवाणू पाण्यात एकेकटे तरंगतात तेव्हा दुबळे असतात. पण एखाद्या पृष्ठभागाला चिकटले की ते स्वतःभोवती चिकट द्रव्याचे आवरण विणतात, त्या आवरणात थरावर थर रचतात, परस्परांत रासायनिक संकेतांची देवाणघेवाण करतात आणि एखाद्या तटबंदीच्या नगरासारखे नांदू लागतात. त्या तटाच्या आत औषध सहज शिरत नाही. खोलवरच्या थरांतील जिवाणू तर जणू निद्रिस्त असतात, आणि वाढणाऱ्या जिवाणूंवर घाव घालणारी औषधे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. एकट्या जिवाणूला मारणारी औषधाची मात्रा या वस्तीला पुरत नाही. ती कित्येक पटींनी वाढवावी लागते.

या नगराचे पहिले दर्शन मानवाला स्वतःच्या मुखातच घडले. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे आंतोनी फान लेव्हेनहूक हे आपल्यातील अनेकांप्रमाणे कापडाचे व्यापारी. भिंगे घासण्याचा त्यांना छंद होता. 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला धाडलेल्या पत्रात त्यांनी आपल्या दातांच्या फटींतील पांढऱ्या किटणाचे वर्णन केले. दात ते रोज मिठाने घासत असत. तरीही त्या किटणात त्यांना असंख्य चिमुकले जीव हालचाल करताना दिसले. त्यांनी व्हिनेगरने चूळ भरून पाहिली आणि एक सूक्ष्म गोष्ट टिपली : व्हिनेगरने मेले ते बाहेरच्या अंगाचे जीव, किटणाच्या आतपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. बायोफिल्म हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी तिचे मुख्य लक्षण एका व्यापाऱ्याने ओळखले होते. ते असे की, नुसत्या चुळीने हा थर जात नाही.

शास्त्रात सांगितलेले संमूर्च्छिम जीव आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जिवाणू एकच, असे समीकरण मी मांडणार नाही. तो माझा अधिकार नव्हे, आणि दोन भिन्न दृष्टींची ओढून ताणून सांगड घालण्याने कोणाचाच मान वाढत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवसृष्टीची जाणीव ठेवून आपले खाणेपिणे आखणाऱ्या समाजाला बायोफिल्मची गोष्ट समजावणे अवघड जाऊ नये.

कवळीवर ही वस्ती एवढी सुखाने का वसते? कवळीचा गुलाबी भाग बहुधा अॅक्रिलिकचा असतो. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवळ्यांसाठी हेच द्रव्य जगभर वापरात आहे. ते हलके आहे, दुरुस्त करता येते, हिरडीसारखा रंग घेते. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पृष्ठभाग खाचाखोचांचा दिसतो. कवळीची जी बाजू टाळूला टेकते ती तर पॉलिश केलेलीच नसते, कारण तिला टाळूच्या प्रत्येक उंचवट्याशी जुळायचे असते. मुखात ठेवल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक पातळ थर तिच्यावर बसतो. काही तासांत त्या थराला जिवाणू चिकटतात, आणि त्यांच्या आधाराने कॅन्डिडा नावाची बुरशी येते. नैसर्गिक दाताच्या सभोवती लाळ वाहती असते. कवळीच्या खाली मात्र ती पोहोचत नाही. ओल, ऊब, अंधार आणि अन्नाचा अंश हे सारे तेथे अखंड उपलब्ध असते.

या वस्तीचा पहिला उपद्रव म्हणजे आजींच्या टाळूवर दिसली ती लाली. कॅन्डिडा आणि जिवाणू मिळून कवळीखालची त्वचा सुजवतात. बहुतेकांना वेदना होत नाही. काहींना जळजळ होते, चव बदलते, ओठांचे कोपरे चिरतात, मुखाला दुर्गंधी येते. मधुमेह ताब्यात नसेल, दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरली जात नसेल किंवा औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल, तर हा त्रास अधिक बळावतो. अशा वेळी बुरशीनाशक औषध देऊन भागत नाही. टाळू बरी होते. पण कवळीवरची वस्ती तशीच राहिली तर ती पुन्हा टाळूवर उतरते. रोगी मुख आणि कवळी या दोहोंवर उपचार करावे लागतात. आणि कवळी सैल झाली असेल तर ती बसती करून घ्यावी लागते.

दुसरा धोका मुखाच्या पलीकडचा आहे. झोपेत आपल्या सर्वांच्याच लाळेचा अल्पसा अंश श्वासनलिकेत उतरतो. तरुण, निरोगी माणसाचे शरीर तो निस्तरते. उतारवयात खोकल्याची प्रतिक्रिया मंदावते. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांची गिळण्याची क्रियाही बिघडते. अशा वेळी त्या लाळेबरोबर कवळीवरचे जिवाणू फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्धांच्या कवळ्यांवरील थरात क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, स्टॅफिलोकॉकस ऑरियस असे फुप्फुसांना बाधणारे जिवाणू आढळलेले आहेत.

याविषयी जपानमध्ये महत्त्वाचे काम झाले आहे. टोकियोतील पंच्याऐंशी वा त्याहून अधिक वयाच्या 524 नागरिकांचा तीन वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाने रुग्णालय वा मृत्यू गाठण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळला. आणि कवळी वापरणाऱ्या 453 जणांपैकी 186 जण ती घालूनच झोपत होते. अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो. एक दुसरीचे कारण आहेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण त्याआधी, 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधील अकरा वृद्धसेवागृहांतील प्रयोगाचा वृत्तांत आला होता. काही वृद्धांच्या मुखाची स्वच्छता परिचारकांनी प्रत्येक जेवणानंतर नियमाने करून दिली, बाकीच्यांचा क्रम पूर्वीचाच ठेवला. दोन वर्षांत पूर्वीच्या क्रमातील 19 टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. ज्यांचे मुख स्वच्छ ठेवले गेले, त्यांच्यात हे प्रमाण 11 टक्के राहिले. लाभ दात असलेल्यांना झाला तसाच दात नसलेल्यांनाही झाला. एवढा फरक महागड्या औषधाने नव्हे, तर ब्रश आणि पाण्याने पडला होता.

हे सारे मी आजींना माझ्या परीने सांगितले. त्यांचे ताप कवळीमुळेच आले, असे मी तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. पण जो धोका एका डबीने टळू शकतो तो अंगावर का घ्यावा? आजींनी सारे ऐकून घेतले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो या लेखाचे खरे निमित्त आहे. त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगता ती गोळी पाण्यात टाकायची, म्हणजे ते असंख्य जीव मारायचेच ना? मग मी सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमणात काय म्हणू?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना त्यांच्याच घरातील रीतीची आठवण करून दिली. थाळी धुऊन का पितात? जीव मारण्यासाठी नव्हे. ते उपजू नयेत म्हणून. पाणी गाळून का घेतात? पुढची विराधना टळावी म्हणून. कवळीचेही तसेच आहे. जेवण होताच कवळी काढून धुतली तर थर कोवळा असतो, ब्रश आणि पाण्याने सुटतो. तीच कवळी आठवडाभर तशी राहिली तर तिच्यावर वस्ती वाढते, मग तीव्र रसायने लागतात, पुढे बुरशीनाशके लागतात, प्रतिजैविके लागतात. आळसाने आधी वाढू द्यायचे आणि मग औषधाने संहार करायचा, यापेक्षा वेळच्या वेळी धुणे हीच अधिक यतना. रसायनाची गरज ज्याला जितकी कमी लागेल, त्याचा विवेक तितका जागा. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “हे पटतं.”

आता प्रत्यक्ष दिनक्रम पाहू. सुदैवाने आपल्या आचारात तो बेमालूम बसतो.

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढावी, पाण्याने खळखळून धुवावी, चूळ भरावी आणि मग पुन्हा घालावी. दिवसातून एकदा, शक्यतो शेवटच्या जेवणानंतर, ती मऊ ब्रशने नीट घासावी. दातांची बाजू सारे घासतात. हिरडीला आणि टाळूला टेकणारी आतली बाजू विसरतात, आणि वस्ती तेथेच असते. घासण्यासाठी भांड्यांचा सौम्य द्रव साबण पुरेसा आहे. राखुंडी, मीठ, मंजन, फार काय नेहमीची टूथपेस्टही वापरू नये. त्यांच्या कणांनी अॅक्रिलिकवर बारीक ओरखडे उठतात आणि तेच ओरखडे जिवाणूंची घरटी होतात. घासताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे किंवा जाड टॉवेल अंथरावा. ओल्या हातातून कवळी निसटून फुटण्याचे प्रसंग नित्याचे आहेत.

पाणी उकळलेले वापरावयाचे असेल तर अवश्य वापरावे. पण ते पूर्ण गार झालेले असावे. गरम पाण्याने अॅक्रिलिकचा आकार बिघडतो आणि मग कवळी बसत नाही. कवळी स्वच्छ करण्याच्या गोळ्या मिळतात. आपल्या दंतवैद्याच्या सल्ल्याने, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरत्या त्या वापराव्यात, पण ब्रशची जागा त्या घेऊ शकत नाहीत. कवळी गोळीच्या पाण्यातून काढल्यावर साध्या पाण्याने पुन्हा धुऊन मगच मुखात घालावी. गोळी किंवा तिचे पाणी कधीही तोंडात जाऊ देऊ नये. घरातील ब्लीच आपल्या मनाने वापरू नये. अर्धवट कवळीला धातूची चौकट असेल तर ती खराब होते.

आता रात्र. चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तानंतर काही चावावयाचेच नसते. मग कवळी मुखात कशासाठी ठेवायची? सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे, कवळी घासावी, हिरड्या, टाळू आणि जीभ मऊ ब्रशने वा ओल्या स्वच्छ कापडाने पुसाव्यात, चूळ भरावी आणि मग पच्चक्खाण घ्यावे. त्या वेळी किंवा निदान झोपण्यापूर्वी कवळी झाकणाच्या डबीत, स्वच्छ पाण्यात ठेवावी. ती कोरडी पडू देऊ नये, कारण वाळल्याने तिचा आकार बदलू शकतो. सकाळी नवकारसी आल्यावर ती धुऊन घालावी. डबीतील पाणी रोज बदलावे, कोरड्या मोकळ्या जागी यतनेने परठावे. आणि डबीही रोज घासावी, नाहीतर तिच्यातच नवे जैवपटल तयार होते. रात्रभराच्या या विश्रांतीत कवळीखाली दडपलेल्या टाळूला लाळेचा आणि हवेचा स्पर्श होतो. तिच्या आरोग्यासाठी तेही आवश्यक आहे.

उपवासाविषयी एक गैरसमज आढळतो. ‘आज काही खाल्लेच नाही, मग कवळी धुवायची कशाला?’ जिवाणूंना आपल्या अन्नावाचून अडत नाही. लाळेतील प्रथिने आणि टाळूच्या झडलेल्या पेशी त्यांना पुरतात. शिवाय उपवासात लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते आणि लाळेचे नैसर्गिक क्षालन मंदावते. म्हणून चौविहार उपवासाच्या दिवशी कवळी न घालणेच उत्तम. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी ती घासून डबीत ठेवावी आणि पारण्यालाच बाहेर काढावी. अठ्ठाई वा त्याहून मोठी तपश्चर्या करणाऱ्या ज्येष्ठांनी, विशेषतः पर्युषणापूर्वी, एकदा दंतवैद्याकडून टाळू आणि कवळी तपासून घ्यावी. पारणे झाले आणि सैल कवळीने हिरडी सोलवटली, असे होऊ नये. डबीतील पाणी बदलण्याविषयी किंवा हिरड्या पुसण्याविषयी व्रताच्या नियमात शंका असेल तर ती गुरुभगवंतांना विचारावी. संकोचाने दोन्हीकडचे नुकसान होते.

टाळू लाल दिसणे, ओठांचे कोपरे चिरणे, पुसले असता निघणारे पांढरे डाग, जळजळ, न जाणारी दुर्गंधी, सैल झालेली कवळी, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, वारंवार येणारा खोकला-ताप यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. आणि काहीच तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासणी करावी. हिरडी झिजते, कवळी झिजत नाही, म्हणून दोघींची गाठ हळूहळू सुटत जाते.

शेवटची गोष्ट घरातल्या माणसांसाठी. कवळी रात्री न काढण्याचे कारण बहुधा अज्ञान नसते, संकोच असतो. जन्मभर ज्यांनी पदर ढळू दिला नाही, त्यांना रिकामे तोंड कोणी पाहणे हा अपमान वाटतो. नातवाने हसून म्हटलेले एक वाक्य त्यांना वर्षभर कवळी घालून झोपावयास लावू शकते. म्हणून आजी-आजोबांच्या उशाशी स्वतःची डबी असावी, धुण्याची जागा आडोशाची असावी आणि बोळक्या तोंडाची थट्टा घरात वर्ज्य असावी. ज्यांची बोटे थरथरतात, ज्यांना दिसत नाही, जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांची कवळी दुसऱ्या कोणीतरी रोज धुवावी लागते. आपल्याकडे वैयावच्च हे अभ्यंतर तप मानले आहे. सासूबाईंची उष्टी कवळी हातात घेऊन घासणाऱ्या सुनेला वेगळी मासक्षमणे मोजण्याची गरज नाही, असे मला वाटते.

आजी तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. टाळूची लाली ओसरली होती. या वेळी त्यांनी सुनेला बाहेर बसवले नाही. मी विचारण्याआधीच सूनबाईंनी सांगितले, “आता संध्याकाळी दोन कामे बरोबर होतात. मी थाळी धुते, आणि त्या शेजारी बसून कवळी धुतात. मग आम्ही मिळूनच पच्चक्खाण घेतो.” आजी हसल्या. तोंडात कवळी नव्हती, आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हते.